परक्यांच्या कबरी



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. २ तारखेला कबरींवरचं गवत काढायचं, माती सारखी करायची, झेंडू वाहायचा, मेणबत्त्या लावायच्या आणि आपापल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून चर्चमधल्या पेटीत टाकायची. गेल्या वर्षी याच सुमारास फ्रीगंजातल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना या चिठ्ठ्या लिहायला बसवलं होतं. सातवीतली एक मुलगी पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "टीचर, माझ्या आईची आजी नगरची. ती आपल्या चर्चची नव्हती, अमेरिकन मिशनवाली होती. तिचं नाव लिहिलं तर चालेल?"

आम्ही म्हणालो, "चालेल की, लिही." पण शेजारचा मुलगा हुशार. तो लगेच म्हणाला, "पण ते लोक तर मेलेल्यांसाठी प्रार्थनाच करत नाहीत ना? मग तिला कसं आवडेल?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि उत्तर पुढच्या रविवारवर ढकललं. हा लेख म्हणजे ते उत्तर. जरा लांबलं आहे, कारण "अमेरिकन मिशनवाले" म्हणजे कोण, हे सांगायला बसलो तर गोष्ट थेट कबरींपाशीच जाऊन पोहोचते.

आपलं उज्जैन हे दहनाचं गाव. क्षिप्रेच्या काठी चक्रतीर्थावर चिता विझत नाही, असं इथले लोक म्हणतात. शिंदेशाहीत इकडे आलेल्या मराठी घरांतही तीच रीत. त्यामुळे आपण माणसाला मातीत ठेवतो म्हटलं की शेजारी अजूनही थोडं बिचकतात. खरं तर पुरणं या गावालाही नवं नाही. भर्तृहरी गुंफांजवळ मत्स्येंद्रनाथांची समाधी आहे आणि लोक त्यांना पीर म्हणतात. योग्याला माती देतात हे इथल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे. पण ज्याचं इथे घर नाही, गाव नाही, भाऊबंद नाहीत, अशा माणसाला माती कोण देतो? पवित्र शास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. सारा वारली तेव्हा अब्राहाम कनानात परकाच होता. बायकोला पुरायला त्याच्याजवळ हातभर जमीन नव्हती. हित्ती लोकांपुढे लवून, चारशे शेकेल रुपं मोजून त्याने एफ्रोनाकडून मकपेलाची गुहा विकत घेतली. देवाने ज्याला तो सगळा देश देऊ केला होता, त्याची तिथली पहिली खरेदी म्हणजे एक कबर.

आता अमेरिकन मिशनकडे येऊ.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. गॉर्डन हॉल, सॅम्युएल न्यूअल, सॅम्युएल नॉट, ॲडोनायरम जडसन आणि ल्यूथर राइस. ते हिंदुस्थानात यायला निघाले, पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माच्या नावाने लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही धास्ती. त्यात १८१२ सालीच इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटलं, म्हणजे हे शत्रूच्या देशातले लोक ठरले. कलकत्त्याहून त्यांना घालवून देण्यात आलं. न्यूअल पतीपत्नी मॉरिशसला गेली. वाटेत जन्मलेलं बाळ गेलं आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तिथेच हॅरिएट न्यूअल वारली. वय १९. तिला काम करायला एक दिवसही मिळाला नाही. तरी पुढे अमेरिकेत कित्येक घरांत तिचं चरित्र वाचलं गेलं आणि कित्येक मुलींची नावं हॅरिएट ठेवली गेली.

हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांनी त्यांनाही परत जायला सांगितलं. दोघे गुपचूप जहाजाने कोचीनला निसटले, तिथे पकडले गेले, परत मुंबईला आणले गेले. हॉल यांनी गव्हर्नरांना पत्रांमागून पत्रं लिहिली. नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचे होते. त्यांना हुकूम पाळायचा होता आणि पाळवतही नव्हता, असं ते सगळं प्रकरण वाचताना आम्हांला वाटतं. त्याच वर्षी इंग्लंडात कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली, मिशनऱ्यांना वाट मिळाली आणि हॉल राहिले. पुढे तेरा वर्षं, मरेपर्यंत.

ते मराठी शिकले. बाजारात, धर्मशाळांत, देवळांच्या आवारात लोकांशी बोलत फिरले. शाळा काढल्या. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यात मराठी पुस्तिका छापल्या जाऊ लागल्या. मराठीत ख्रिस्ताची कथा याआधीही होती, हे आपण कॅथलिकांनी अभिमानाने सांगावं. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ चं आहे, आणि तेही परदेशातूनच आलेले, गोव्याच्या मातीत संपलेले. श्रीरामपूरला केरी यांनी १८११ मध्ये मराठी नवा करार मोडी लिपीत छापला होता. पण मुंबईच्या अमेरिकनांनी भाषांतर नव्याने केलं आणि १८२६ मध्ये त्यांचा संपूर्ण नवा करार छापून झाला.

ते वर्ष लक्षात ठेवा, कारण हॉल यांच्या मृत्यूचं वर्षही तेच.

त्या काळी पटकी हा शब्दच माणसाला हादरवून टाकायचा. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली ही साथ वर्षभरात मुंबईपर्यंत आली आणि मग पुनःपुन्हा येत राहिली. गावोगाव जरीमरीच्या नावाने गाडे शिवेबाहेर नेले जात. दोष पाण्याचा आहे हे अजून कुणालाच कळलेलं नव्हतं, ना वैद्याला, ना गोऱ्या डॉक्टरला. मार्च १८२१ मध्ये सॅम्युएल न्यूअल मुंबईत पटकीनेच गेले. हॅरिएटची कबर मॉरिशसला, यांची मुंबईला.

१८२५ मध्ये हॉल यांनी बायकोला आणि दोन मुलांना अमेरिकेला पाठवलं. मुलांच्या प्रकृतीला इथली हवा मानवत नव्हती. त्या प्रवासात एक मुलगा वाटेतच वारला, त्याला समुद्रात सोडावं लागलं. स्वतः हॉल मागे राहिले. मार्च १८२६ मध्ये ते घाट चढून नाशिककडे निघाले. बरोबर मिशनच्या शाळेतले दोन तरुण मुलगे, पुस्तकांचं ओझं आणि औषधं. नाशिकला पोहोचले तर तिथे पटकीचा कहर. पुस्तकं राहिली बाजूला, ते औषधं वाटत फिरले. औषधं संपत आली तेव्हा ते मुंबईच्या वाटेला लागले. रात्री एका खेड्यात पोहोचले. त्या काळच्या इंग्रजी वृत्तान्तांत त्या खेड्याचं नाव दोरली-दापूर असं येतं. मुक्कामाला जागा मिळाली ती देवळाच्या ओसरीत, आणि तिथेही आजारी माणसं आधीच पडलेली होती. २० मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास हॉल यांनाच पटकीने धरलं. स्वतःसाठी जे थोडं औषध उरलं होतं ते पोटात टिकलं नाही. त्यांनी मुलांना सांगितलं की मी यातून उठणार नाही, घड्याळ आणि सामान कुणाकडे द्यायचं ते समजावलं, ओसरीवरच्या लोकांना येशूविषयी दोन शब्द सांगितले आणि देवाचा गौरव तीनदा उच्चारून दुपारच्या सुमारास प्राण सोडला. ४२ वं वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते.

इथवरची गोष्ट मिशनच्या चरित्रांतून नेहमी सांगितली जाते. आम्हांला मात्र पुढची अर्धी दुपार सारखी आठवते. दोन पोरं. परकं गाव. साथ चालू. समोर एका गोऱ्या माणसाचं प्रेत, तेही पटकीने गेलेल्या माणसाचं, आणि तेही देवळाच्या ओसरीत. गावात कोण हात लावणार? कोण जमीन देणार? तरी त्या दोघांनी मिनतवाऱ्या करून जागा मिळवली, खड्डा झाला, पेटी नव्हती म्हणून अंगावरच्या कांबळ्यातच गुंडाळून त्यांनी आपल्या गुरूला मातीत ठेवलं आणि मग चालत मुंबईला जाऊन बातमी सांगितली. प्रार्थना कुणी म्हटली असेल तर त्या दोघांनीच.

आपल्या धर्मशिक्षणात दयेची सात शारीरिक कृत्यं आहेत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, अशी ती क्रमाने मुलांना पाठ असतात, आणि सातवं, मृतांना मूठमाती देणं, म्हणताना ती जरा गडबडीत उरकतात. पहिली सहा मत्तयाच्या शुभवर्तमानातली, हे सातवं तोबीताच्या पुस्तकातून आलेलं. तोबीत निनवेत बंदिवान होता. आपल्या लोकांची रस्त्यावर पडलेली प्रेतं तो रात्री लपूनछपून पुरायचा. त्यापायी त्याचं घरदार गेलं, शेजारी हसले. एकदा तर जेवणाच्या ताटावरून उठून तो प्रेत आणायला गेला. हे पुस्तक आपल्या प्रोटेस्टंट भावंडांच्या बायबलमध्ये नसतं. म्हणजे हॉल यांच्या त्या दोन शिष्यांनी तोबीताची गोष्ट बहुधा वाचलेलीच नव्हती.

मुलीच्या पणजीचं नगर पुढे आलं. डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकनांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं मांडलं. ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड, विल्यम हर्वी आणि त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. यातले हर्वी मार्च १८३१ मध्ये मुंबईत उतरले होते. दोन महिन्यांच्या आत त्यांची पत्नी वारली. पुढच्या वर्षी मे महिन्यात नगरला पटकीने ते स्वतः गेले, आणि १८३३ मध्ये त्याच पटकीने बाबाजी. अमेरिकन पाहुणा आणि मराठी बाबाजी एकाच रोगाने, एकाच गावात, वर्षभराच्या अंतराने. रीड यांनी पुढे बाबाजींचं चरित्र लिहून अमेरिकेत छापलं. ग्रेव्ह्ज १८४३ मध्ये महाबळेश्वरला वारले. त्यांच्या आडनावाचा इंग्रजीत अर्थ कबरी असा होतो. आम्ही हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलांना बाकी इतिहासापेक्षा तेवढंच लक्षात राहिलं!

या सगळ्यांत आम्हांला सगळ्यांत जवळची वाटते ती सिंथिया फरार. १८२७ च्या अखेरीस ती मुंबईला आली. अमेरिकन मिशनच्या मंडळाने परदेशी पाठवलेली ही पहिली अविवाहित बाई. कुणाची पत्नी म्हणून नव्हे, मुलींच्या शाळा चालवायला म्हणून आलेली. आधी मुंबईत, मग १८३९ पासून नगरला. जोतीराव फुल्यांनी नगरची ही मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात आपली काढली. सावित्रीबाईंनी फरारबाईंच्या संस्थेत शिक्षिकेचं शिक्षण घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. चौतीस वर्षं या देशात काम करून जानेवारी १८६२ मध्ये फरारबाई नगरला वारल्या आणि नगरच्याच मातीत गेल्या. नात्यागोत्याचं कुणी जवळ नव्हतं. पण तोवर त्यांच्याकडे पहिलं अक्षर गिरवलेल्या मुलींच्या मुली शाळेत जायच्या वयाच्या झाल्या होत्या. आपल्या वर्गातल्या मुलीची पणजी वाचायला शिकली ती याच परंपरेतून.

आता त्या हुशार मुलाच्या प्रश्नाची अवघड बाजू, आणि ती झाकून ठेवणं आम्हांला बरं वाटत नाही. या मंडळींनी आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवधर्माविषयी फार कठोर लिहिलं, वाचताना आज आपल्यालाही लाज वाटावी इतकं. आणि मुंबई-वसईच्या कॅथलिकांविषयीही त्यांचं मत काही गोड नव्हतं. मूर्ती, माळा, मिस्सा, मृतांसाठी विनंत्या, सगळं त्यांना अंधश्रद्धेतच जमा वाटायचं. आपल्याकडूनही उत्तरं तशीच जात. तेव्हा हॉलसाहेबांना विचारलं असतं, की दोनशे वर्षांनी उज्जैनमधली कॅथलिक पोरं तुमच्या नावाने मेणबत्ती लावणार आहेत, चालेल का? ते बहुतेक नाहीच म्हणाले असते, आणि वर एक पुस्तिका हातात ठेवली असती.

पण उलटही पाहिलं पाहिजे. त्या काळी आपलीही दारं बंदच होती. कॅथलिक दफनभूमी आशीर्वादित असायची आणि तिथे कॅथलिकेतराला सहसा जागा नसे. खुद्द अमेरिकेतली एक हकिगत इथे सांगण्यासारखी आहे.

मिझुरी राज्यात सेंट लुइस शहरात कॅल्व्हरी नावाची मोठी कॅथलिक दफनभूमी आहे, १८५४ पासूनची. तिथे यादवी युद्धातले सेनापती विल्यम शर्मन आहेत. ते स्वतः कॅथलिक नव्हते, पत्नी कट्टर कॅथलिक आणि एक मुलगा येशूसंघी धर्मगुरू. १८९१ मध्ये बापाचा अंत्यविधी त्या मुलानेच केला. तिथून फार दूर नाही ती ड्रेड स्कॉट यांची कबर. स्कॉट हे गुलाम होते. गुलामगिरीला बंदी असलेल्या मुलखात मालकाने मला नेऊन ठेवलं, तेव्हा मी मुक्त झालो, असा दावा त्यांनी आणि पत्नी हॅरिएट यांनी १८४६ मध्ये लावला. तो अकरा वर्षं चालला. ६ मार्च १८५७ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, त्याला न्यायालयात येण्याचा हक्कच नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी. आणि हे टॉनी आपल्यातले, कॅथलिक. मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावी, कॅथलिक दफनभूमीत, आईच्या शेजारी त्यांची कबर आहे. त्यांची पत्नी दुसऱ्या पंथाची होती, म्हणून ती त्याच गावात वेगळ्या दफनभूमीत.

स्कॉट यांना खटला लढवायला पैसे दिले ते ब्लो कुटुंबातल्या मुलांनी. याच कुटुंबाचे ते पूर्वी गुलाम होते. निकालानंतर तीन महिन्यांच्या आत टेलर ब्लो यांनी त्यांना कागदोपत्री मुक्त केलं. सव्वा वर्षाने, सप्टेंबर १८५८ मध्ये, स्कॉट क्षयाने वारले आणि एका प्रोटेस्टंट दफनभूमीत त्यांना पुरलं. ती जागा बंद होऊ लागली तेव्हा १८६७ मध्ये टेलर ब्लो यांनी त्यांची पेटी उचलून कॅल्व्हरीत आणली. ब्लो तोवर कॅथलिक झाले होते, आणि कॅथलिक मालकाने आपला कॅथलिकेतर गुलाम तिथे पुरायला परवानगी होती. म्हणजे ज्या माणसाने आयुष्य गुलाम नसण्यासाठी झगडण्यात घातलं, त्याला ती पवित्र माती मिळाली ती गुलामांसाठीच्या सवलतीतून. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. नव्वद वर्षं त्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. १९५७ मध्ये टेलर ब्लो यांच्या नातीने तो बसवला. आज लोक तिथे येऊन दगडावर एक-एक पेनी ठेवून जातात, लिंकनचं चित्र असलेली.

टॉनी यांना कॅथलिक माती हक्काने मिळाली, स्कॉट यांना कुणीतरी उचलून आणलं म्हणून मिळाली. त्या दोन कबरींकडे पाहताना कोण कुठल्या चर्चचा हा प्रश्न आम्हांला तरी फार छोटा वाटू लागतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढला, त्यात इतर मंडळ्यांतल्या बाप्तिस्मा झालेल्यांना भाऊबहीणच म्हटलं आहे. आजच्या धर्मसंहितेप्रमाणे धर्माध्यक्षांच्या संमतीने अशांचा अंत्यविधी आपले धर्मगुरू करू शकतात. मात्र एक अट अशीही आहे: त्या माणसाची तशी इच्छा नव्हती असं उघड असेल, तर करायचा नाही. चर्चने त्या हुशार मुलाच्या शंकेला जागा ठेवलेली आहे! पण ती अट विधीसाठी आहे. मनातल्या आठवणीला आणि पेटीतल्या चिठ्ठीला कुणाची संमती लागत नाही.

तर पुढच्या रविवारी आम्ही वर्गाला एवढं सगळं नाही, पण दोरली-दापूरची दुपार सांगितली. मग मुलांनी विचारलं, की खड्डा खणायला कुदळ कुणी दिली असेल? गावातल्याच कुणीतरी दिली असणार, आम्ही म्हणालो. देऊळ ज्यांचं, त्यांच्यातल्याच कुणीतरी. हे आमच्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

यंदाच्या चिठ्ठ्या परवाच गोळा केल्या. त्या मुलीने पणजीचं नाव लिहिलं आहे, खाली सिंथिया फरार आणि बाबाजी. हुशार मुलाने गॉर्डन हॉल लिहून पुढे कंसात "माफ करा" असं लिहिलं आहे. आणि एका चिठ्ठीवर, अक्षरावरून कुणाची ते ओळखता आलं नाही, नाव नव्हतंच. नुसतं लिहिलं होतं: ते दोन मुलगे, आणि कुदळ देणारा.